बालाघाटच्या पुढे नवं काही नाही

नागपूरहून बिरसाला आईकडे निघालो की आमच्या गाडीत एक नियम असतो. भंडारा, तुमसर, तिरोडा, गोंदिया. मग रजेगावला महाराष्ट्र संपतो आणि थोड्या वेळात बालाघाट येतं. इथवर कुणाला काही चाखून बघायचं असेल तर बघा. पण भरवेलीच्या मँगनीज खाणी मागे पडल्या, गांगुलपाऱ्याचा घाट लागला, की उकवा, बैहर, मलाजखंड करत थेट बिरसाच्या दारात उतरेपर्यंत नवीन काहीही तोंडात टाकायचं नाही. जे आधी पन्नासदा खाल्लंय आणि आपल्याच डब्यातलं आहे, तेवढंच. हा नियम माझ्या भाच्यासाठी सुरू झाला. त्याला शेंगदाणा आणि हरभरा, दोन्ही चालत नाहीत. आणि ‘चालत नाहीत’ म्हणजे तोंड वाकडं करतो असं नव्हे. घसा सुजतो, धाप लागते.

ॲलर्जीचं माणूस घेऊन लांबच्या प्रवासाला निघायचं म्हटलं की जो तो पाककृती विचारतो. काय करून घेतलंस? किती दिवस टिकतं? प्रश्न रास्त आहेत, पण ते दुसऱ्या नंबरचे. डब्यात काय भरायचं हे आधी रस्ता ठरवतो, मग स्वयंपाकघर. दवाखाना किती लांब आहे यावर जेवणाचा बेत अवलंबून असतो, ही गोष्ट कळायला आम्हाला दोन-तीन फेऱ्या लागल्या.

डबा बांधून निघणं आपल्याला नवीन नाही. शिदोरी हा शब्दच केवढा जुना. आजीच्या वेळी गोंदिया–जबलपूर ही छोटी रेल्वे होती, त्या गाडीत बसताना तिच्याजवळ कडीचा डबा, फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि फिरकीचा तांब्या असे. वाटेत ती कुणाचं पाणीही घेत नसे. कारण सोवळं. त्या सोवळ्यामागची जातीची उतरंड गेली ते फार बरं झालं, तिच्याबद्दल मला तिळमात्र हळहळ नाही. पण गंमत अशी की आज ताई आपल्या पोराला घेऊन निघते तेव्हा विचारते ते प्रश्न अगदी आजीचेच असतात. कुणी केलं? कुठल्या भांड्यात? आधी त्यात काय शिजलं होतं? पळी वेगळी होती का? कारण पार बदललं, चौकशी तीच राहिली.

अडचण अशी की या चौकशीसाठी मराठीत शब्द नीट नाही. आपण म्हणतो, ‘मला वांगं बाधतं’, ‘दूध सोसत नाही’, ‘हरभरा वातूळ’, ‘पपई उष्ण पडते’. अंगावर गांध्या उठल्या की ‘पित्त उठलं’ म्हणायचं आणि आमसुलाचा कोळ चोळायचा. या एवढ्याशा शब्दसंग्रहात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. पहिली खरी ॲलर्जी: शरीराची संरक्षणयंत्रणा एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते आणि चिमूटभर खाल्लं तरी काही मिनिटांत उठाव करते. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. दुसरी गोष्ट न पचण्याची, जसं दुधातली साखर न पचून पोट फुगणं. त्रास होतो, जीव जात नाही. तिसरी गोष्ट विषाची. तिचं उदाहरण आमच्या वाटेवरच उगवतं. भंडारा, गोंदिया, बालाघाट या धानपट्ट्यात भात कापायच्या आधी ओल्या बांधीत लाख पेरतात, लाखोळी म्हणतात तीच. हिची डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर तिच्यातल्या एका घटकामुळे पाय लुळे पडतात. म्हणून १९६१ साली अन्नभेसळीच्या नियमांखाली तिच्या विक्रीवर बंदी आली. हे विष कुणालाही बाधेल, फक्त मात्रा पुरेशी हवी. ॲलर्जीला मात्रा लागत नाही, माणूस लागतं.

लाखोळीची कथा इथे आणखी एका कारणाने सांगितली. लाखेची डाळ स्वस्त, हरभऱ्याची महाग, म्हणून बेसनात लाखेचं पीठ मिसळणं हा या भागातला जुना उद्योग. म्हणजे हरभरा टाळणारा बेसन टाळून सुटतो, पण लाखेचं किंवा वाटाण्याचं वावडं असलेला माणूस ‘शुद्ध बेसन’ समजून भजं खातो आणि फसतो. कडधान्यांचं कूळ एक. शेंगदाणासुद्धा त्याच कुळातला, आणि मेथीदाणाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काहींना मेथी चालत नाही, हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. लोणच्याच्या मसाल्यात, धपाट्यात, सांबार मसाल्यात मेथी असतेच. प्रत्येकाला चालत नाही असं मुळीच नाही, पण पहिल्यांदा तपासायची जागा प्रवास नव्हे.

आपल्याकडे हे प्रकरण किती मोठं आहे? युरोपच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या पाहणीत कर्नाटकातल्या प्रौढांची तपासणी झाली, निष्कर्ष २०१६ मध्ये आले. रक्तात कुठल्या ना कुठल्या खाद्यपदार्थाविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली २६.५ टक्के लोकांत. प्रत्यक्ष ॲलर्जी असण्याची शक्यता मात्र १.२ टक्क्यांतच. त्याच प्रकल्पात भारतातल्या शाळकरी मुलांचा आकडा ०.१४ टक्के निघाला, हाँगकाँगच्या मुलांचा दीड टक्का. म्हणजे पाश्चात्त्य मासिकं वाचून वाटतं तेवढी ही साथ आपल्याकडे नाही. पण मला यातला महत्त्वाचा आकडा पहिला वाटतो. चौघांतल्या एकाच्या रक्ततपासणीत काहीतरी निघतं आणि त्यातल्या बहुतेकांना ते पदार्थ खाऊन काहीही होत नाही! तरीही शहरांत पन्नास-शंभर पदार्थांच्या तपासण्यांची पाकिटं विकली जातात, आणि घरी लांबलचक यादी येते: गहू, तांदूळ, टोमॅटो, दूध, केळं, तूर, वांगं. अशी यादी घेऊन कुणी बिरसाला निघालं तर डब्यात फक्त पाणी उरेल. आमच्याही हाती अशी एक यादी आली होती. शेवटी ॲलर्जीच्या डॉक्टरांनी दवाखान्यात, स्वतःच्या देखरेखीखाली, एकेक पदार्थ थोडा थोडा खायला घालून बघितला आणि सतरा पदार्थांचे दोन राहिले. लांबच्या प्रवासाची खरी तयारी तिथे झाली. डबे नंतर आले.

ते दोन कोणते याचंही आश्चर्य वाटायला नको. पाश्चात्त्य देशांच्या याद्यांत हरभरा नसतो, पण आपल्याकडे तो पहिल्या रांगेत आहे. पाटील, निफाडकर आणि बापट या मुंबईच्या संशोधकांनी २००१ मध्येच हरभरा हा भारतीय उपखंडातला मोठा ॲलर्जीकारक असल्याचं दाखवून दिलं होतं. आणि तरीही आपल्या देशात वेष्टनावर जी ॲलर्जीकारकं ठळक लिहिणं सक्तीचं आहे, त्यात हरभरा नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत ग्लुटेन असलेली धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा, काजू-बदाम यांसारखी कवचफळं, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरचं सल्फाइट एवढी आहेत. हरभरा नाही, तीळ नाही, मोहरी नाही. तिळाबाबत जग पुढे गेलंय. २०१६ च्या जुलैमध्ये नताशा एडनन-लपेरूज ही पंधरा वर्षांची ब्रिटिश मुलगी लंडनहून नीसला जाताना विमानतळावर घेतलेलं एक सँडविच खाऊन दगावली. पावाच्या कणकेत तीळ होते, वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांनी लावून धरल्यावर तिच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा १ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे लागू झाला. अमेरिकेत तीळ २०२३ च्या सुरुवातीपासून सक्तीच्या यादीत आहे. संक्रांत साजरी करणाऱ्या देशाने तिळाचं नाव अजून घेऊ नये!

अर्थात घटकांच्या यादीत हरभरा, बेसन, तीळ हे शब्द छापलेले असतात, फक्त ठळक चौकटीत नसतात. बारीक अक्षर वाचायची तयारी हवी. कारखान्यात त्याच यंत्रावर दुसरं काही बनत असेल तर ‘यात अमुक असू शकतं’ अशी ओळ असते, ती आम्ही ‘आहे’ अशीच वाचतो. पण हे सगळं पाकिटाच्या जगातलं. तुमसरच्या पुढे जे खाल्लं जातं ते पाकिटातलं नसतं. मोठ्या साखळी-हॉटेलांना मेनूवर ॲलर्जीची माहिती द्यावी लागते. दहा किंवा अधिक शाखा असल्या तर. रस्त्याकडेच्या एकट्या धाब्याला नाही. मिठाईवाल्याला सुट्या मिठाईपुढे ‘कधीपर्यंत खावी’ याची तारीख लावणं ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं झालं, पण ‘पिस्ता’ बर्फीवरची हिरवी पूड पिस्त्याची की रंगवलेल्या शेंगदाण्याची हे त्या पाटीवरून कळत नाही.

मग धाब्यावर विचारून घेऊ, असं वाटतं. विचारावंच, पण भाषा सांभाळून. पुण्याहून आलेल्या आमच्या एका नातेवाईक बाईंनी गोंदियाच्या पुढे एका टपरीवर ‘यात शेंगदाणा नाही ना?’ असं शुद्ध उच्चारात विचारलं. ‘नाही जी’ असं उत्तर मिळालं आणि पोह्यांत पांढरे-गुलाबी दाणे दिसत होते. टपरीवाला खोटं बोलत नव्हता. इकडे शेंगदाण्याला फल्ली म्हणतात. फल्लीदाणे, फल्लीतेल. बालाघाटलाही हिंदीत ‘फल्लीदाना’च म्हणतात, ‘मूंगफली’ पुस्तकातली. तीळ म्हणजे तिल्ली, जवस म्हणजे अलसी. आम्ही आता एक जाड कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय. त्यावर हिंदीत चार ओळी आहेत: या मुलाला फल्लीदाना, फल्लीतेल, चना, बेसन, फुटाणा यातलं काही पोटात गेलं तर श्वास अडकू शकतो, त्याच कढईतलं, त्याच झाऱ्याने काढलेलंही नको. ‘ॲलर्जी’ हा शब्द मुद्दाम शेवटी लिहिलाय. तो आधी आला की समोरचा ‘खाज सुटते का?’ म्हणतो आणि पुढचं वाचत नाही. ‘श्वास’ म्हटलं की थांबतो.

विचारण्याची दुसरी गोची तेलाची. शुद्ध केलेल्या, म्हणजे रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या साठ जणांना दोन्ही तेलं देऊन बघितली होती: रिफाइंड तेलाने एकालाही त्रास झाला नाही, कच्च्या तेलाने सहा जणांना झाला. आता सगळीकडे घाण्याचं तेल परत आलंय, आरोग्यासाठी म्हणून. आणि ॲलर्जीवाल्यासाठी धोका नेमका त्यातच आहे. पण धाब्यावरचा खरा प्रश्न तेलाच्या जातीचा नसतोच, कढईचा असतो. सकाळपासून त्याच तेलात भजी, समोसे, आलूबोंडे, आणि चतुर्थी असेल तर साबुदाणा वडे. उपवासाचं म्हणून निर्धास्त खाणारे लोक मी पाहिलेत. मराठी उपवास म्हणजे दाण्याचा कूट. खिचडीत, भगरीच्या आमटीत, काकडीच्या कोशिंबिरीत, चिक्कीत. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याने एकादशीला फार जपून राहावं.

आणि नागपुरी खाणं तर हरभऱ्याचंच साम्राज्य. तर्री पोह्यांतले पोहे निर्दोष, तर्री हरभऱ्याची. सांबारवडी, पाटोडी, गोळाभात, झुणका. वडाभातातल्या वड्यांत तीन-चार डाळी एकत्र. आणखी एक छुपा पाहुणा म्हणजे हिंग. डबीतला बांधणीचा हिंग म्हणजे थोडा हिंग आणि बाकी डिंक व पीठ. बऱ्याच डब्यांत ते पीठ गव्हाचं असतं. गहू टाळणाऱ्या घरातली फोडणी तिथेच बिघडते. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, डबीची मागची बाजू वाचावी लागते.

इतकं वजा केल्यावर डब्यात काय राहतं? बरंच काही राहतं, आणि त्यात हा मुलूख आपल्या बाजूचा आहे. तांदळाचा देश आहे हा. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो शिजला की शेजारच्या घरी कळतं. तांदूळ सहसा कुणाला बाधत नाही. मग वाटतं, भात भरून घ्या. मे महिन्यात तीच चूक होते. नागपूरचा पारा पंचेचाळीसवर, बंद गाडी सावलीत उभी केली तरी आत भट्टी. शिजवलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात एक जिवाणू विष तयार करतो, आणि ते पुन्हा गरम करून जात नाही. शिजवलेलं ओलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि उकाड्यात तर एकच तास, असा सर्वसाधारण संकेत आहे. ज्याला दुकानातलं काही चालत नाही त्याचा डबा आंबला तर त्याला उपाशीच राहावं लागतं. ॲलर्जीच्या धास्तीत लोक हे विसरतात आणि पोर आजारी पडतं ते साध्या शिळ्या अन्नाने. वर उलट्या सुरू झाल्या की ॲलर्जी की अन्नबाधा, हे घाटात ओळखायचं कसं?

म्हणून उन्हाळ्यात कोरडं. मुरमुरे आणि पातळ पोह्यांचा चिवडा, दाणे-डाळं न घालता, सुक्या खोबऱ्याचे काप आणि कढीपत्ता सढळ हाताने. सुरुवातीला घरच्यांनी नाकं मुरडली, आता दाण्यांचा चिवडा खारट लागतो म्हणतात. तांदळाच्या भाकऱ्या सकाळी निघण्याआधी, पूर्ण गार करून, सुती फडक्यात. गरम गरम डब्यात बंद केल्या की वाफ धरतात आणि दुपारपर्यंत ओलसर होतात. तिखटमिठाच्या पुऱ्या आमच्याकडे चालतात, गहू चालतो म्हणून. दशमी मात्र जपून: पाण्याऐवजी दुधात भिजवलेली म्हणून ती टिकते, आणि दुधाचं वावडं असलेल्याला ‘ही तर साधी पोळी’ म्हणून वाढली जाते. लिंबाचं मुरलेलं लोणचं, घरचं, मेथीशिवाय. उकडलेले बटाटे सालासकट, पण तासाभरातच संपवायचे, सोबत मीठ-तिखटाची पुडी. केळी, संत्री, सीताफळाचे दिवस असतील तर सीताफळं. साल असलेलं फळ म्हणजे देवाने पॅक केलेला डबा. हिवाळ्यात भात चालतो, लिंबू पिळून, दही न घालता. गोडाला मुरमुऱ्याचे गुळातले लाडू. कोदो-कुटकीची खीर आई करते, पण ती बिरसाला पोचल्यावर.

माप कसं घ्यायचं? आम्ही प्रत्येक जेवणामागे एक जेवण जास्तीचं धरतो. घाटात ट्रक अडकला, रस्ता बंद झाला, पंक्चर झालं, तर सगळ्यांना बिस्किटाचा पुडा चालतो, त्याला नाही. हे राखीव जेवण वेगळ्या रंगाच्या डब्यात आणि ते कुणीही उघडत नाही, त्याच्या काकालासुद्धा मुभा नाही. काका एकदा उघडता उघडता राहिले.

डबा एकाच गाडीत इतरांच्या चिवड्याशेजारी राहिला तर काय? वासाने काही होत नाही. शेंगदाण्याच्या वासाने झटका येतो ही समजूत बहुतांशी खोटी आहे. मासळी तळतानाची वाफ दम्याच्या मुलाला त्रास देऊ शकते, ते प्रकरण निराळं. खरा वाहक म्हणजे हात. चिवडा खाल्लेला हात, मग तोच हात पाण्याच्या बाटलीला, मग बाटली पोराच्या तोंडाला. २००४ मध्ये अमेरिकेत केलेल्या एका साध्या चाचणीत शेंगदाण्याचा अंश हातांवरून साबणाने आणि ओल्या पुसणीने निघाला. नुसत्या पाण्याने आणि जंतुनाशक जेलने पूर्ण निघाला नाही. जेल जंतू मारतं, प्रथिन तिथेच राहतं. कोविडपासून जो तो हातावर जेल चोळून निश्चिंत होतो, म्हणून हे जरा मोठ्याने सांगावं लागतं. आमच्या गाडीत साबणाच्या वडीचा तुकडा आणि पाण्याचा कॅन असतो. आणि चालत्या गाडीत त्याने खायचं नाही. मागच्या सीटवर घास अडकला की गांध्या उठल्या, हे चालवणाऱ्याला आरशात कळत नाही.

आता औषध. खरं तर हा परिच्छेद पहिला यायला हवा होता, पण मग कुणी डब्यापर्यंत पोचलं नसतं. तीव्र झटक्यावर उपाय एकच: ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूत. ॲलर्जीच्या गोळीने खाज कमी होते, बंद होणारा श्वास उघडत नाही. आमसुलाचा कोळ तर सोडूनच द्या. परदेशातली मराठी कुटुंबं पेनासारखं तयार इंजेक्शन पर्समध्ये टाकून फिरतात, आता अमेरिकेत २०२४ पासून नाकात मारायचा फवाराही आलाय. आपल्या औषधाच्या दुकानांत ते पेन सहसा मिळत नाही. डॉक्टर कुपी आणि सिरिंज लिहून देतात, वजनाप्रमाणे मात्रा ठरवून देतात आणि भरायची कशी ते शिकवतात. शिकून घ्यावं, संत्र्यावर सराव करावा. थरथरत्या हाताने काचेची कुपी फोडणं ही पहिल्यांदा रस्त्यावर करायची गोष्ट नाही. कुपी उन्हात, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायची नाही, बर्फात पुरायचीही नाही. आमची थर्मासच्या पिशवीत, ताईच्या पायाशी असते. डिकीत कधीच नाही.

आणि इथेच रस्ता मध्ये येतो. ब्रिटनचे डॉक्टर रिचर्ड पम्फ्री यांनी अशा झटक्यांनी झालेल्या मृत्यूंचा अभ्यास २००० साली मांडला. अन्नामुळे झालेल्या प्रकरणांत श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यम काळ निघाला साधारण तीस मिनिटं. तीस मिनिटं म्हणजे नागपूर-भंडाऱ्यात भरपूर. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बालाघाटला जिल्हा रुग्णालय. पण घाट चढून उकव्यापुढच्या जंगलात पोचलं की मोबाइलची रेंज जाते-येते, १०८ दोन्ही राज्यांत असली तरी ती येणार बैहरहून किंवा खालून, आणि कान्हाच्या बाजूच्या त्या रस्त्यावर रात्री रानडुकरं आडवी येतात. नियमाचं मूळ हे आहे. पहिलं इंजेक्शन दिल्यावर माणसाला आडवं ठेवायचं, पाय थोडे उंच, ‘बरं वाटतंय’ म्हणून उठून बसू द्यायचं नाही. श्वास लागत असेल तर टेकून बसवायचं. आणि मग पुढे बिरसाला जायचं नाही, मागे मोठ्या दवाखान्याकडे वळायचं, कारण काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते. त्याची आजी वाट बघत असली तरी.

इतकं सगळं करून पोचलो की सगळ्यात अवघड भाग सुरू होतो, आणि त्याला डबा पुरत नाही. पाहुणचार. रस्त्यावरच्या माणसाला कागद दाखवता येतो. मावशीला, शेजारच्या काकूंना, लग्नाच्या पंगतीत आग्रहाने वाढणाऱ्याला दाखवता येत नाही. पळसाच्या पत्रावळीवर वाढलेलं ‘नको’ म्हणणं म्हणजे अपमान. देवळातून येणारा प्रसाद फुटाणे-शेंगदाण्यांचा. पोळ्याला, नवरात्रात पोराच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय कुणी सोडत नाही. आणि प्रत्येकाचा एकच युक्तिवाद: ‘आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही. थोडं थोडं दिलं की सवय होते.’ यातला दुसरा भाग ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणूनच जास्त धोक्याचा आहे. लहान बाळांना शेंगदाणा लवकर सुरू केला तर ॲलर्जी टळू शकते, हे लंडनच्या गिडियन लॅक यांच्या २०१५ च्या प्रयोगाने दाखवलं, खरं आहे. पण ते ॲलर्जी होण्याआधी. झालेल्या पोराला सवय लावणं हे डॉक्टरांच्या खोलीत, मिलिग्रॅम मोजून, महिनोन्‌महिने चालणारं काम आहे. अंगणात पाटावर बसवून करायचं नव्हे.

यावर आमच्याकडे एकच तोडगा लागू पडला. नकार द्यायचा नाही, काम द्यायचं. काकूंना म्हणायचं, याच्यासाठी तुमच्या हातची तांदळाची भाकर हवी, तवा आधी घासून घ्या बरं का. त्या घासतात. स्वतःच्या घरात कुणाचा जीव सांभाळायची जबाबदारी मिळाली की हीच माणसं इतरांना दटावायला लागतात. गेल्या दिवाळीत प्रसाद वाटणाऱ्याला काकूंनीच हात धरून बाजूला नेलं.

परतीचा डबा आई भरते. जातानाचा सगळा हिशेब उलट्या दिशेने, घाट आधी, दवाखाने नंतर, म्हणून पहिले दोन तास तर बिरसाच्या स्वयंपाकघरावरच भरवसा. मागच्या वेळी बालाघाट ओलांडल्यावर ताईने डबा उघडला तर मुरमुऱ्याच्या लाडवांवर आईच्या अक्षरातली चिठ्ठी होती. गूळ, मुरमुरे, सुंठ, वेलची. कढई नवी, पळी नवी. तेल घातलं नाही. खाली आणखी एक ओळ: ‘मी चाखून पाहिलं नाही, चतुर्थी होती. गोड कमी असेल तर सांगा.’

कमी होतं.